पिकल्या पेरूचे ऊनऊन पक्वान्न

मृग बहाराचा पेरू थंडीत उतरू लागला म्हणजे चाकण व पिंपरी-चिंचवडच्या बाजारांत तो स्वस्त होतो. परंतु हे फळ चार-सहा दिवसांतच मऊ पडते, आणि मऊ फळाला गिऱ्हाईक नाही. वास्तविक सुवास अशाच फळाला अधिक असतो. ते गुरांपुढे टाकण्याऐवजी भाजून पाहावे.

अमेरिकेत यास ‘कॉब्लर’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात तेथे पश्चिमेकडे वस्तीस निघालेल्या कुटुंबांजवळ भट्टी नव्हती. बिडाच्या भांड्यात फळे घालून, वर पिठाचे गोळे सोडून, झाकणावर निखारे रचून ते हे पक्वान्न भाजीत. कोकणात काकडीचे धोंडस करणाऱ्या गृहिणींना यात नवल वाटणार नाही.

अर्धा किलो पिकलेले पेरू घ्यावेत. मधला बियांचा गर चाळणीवर घासून घ्यावा व बिया टाकाव्यात. हा गर फुकट घालवू नये, खरा स्वाद त्यातच आहे. गर, फोडी, ६० ग्रॅम चिरलेला गूळ, चमचाभर तांदळाची पिठी व किंचित सुंठ स्टीलच्या डब्यात कालवावी. पिठीमुळे रस दाटतो. मग १५० ग्रॅम कणकेत ५० ग्रॅम तूप चोळून, पाव चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ व लागेल तेवढे आंबट दही घालून सैलसर गोळा करावा. तो चमच्याने फळांवर जागा सोडून सोडावा. सर्व फळ झाकून टाकल्यास वाफ कोंडते व पीठ चिकट राहते.

कामगार वस्तीतील गॅसवरही हे जमते. जुन्या कुकरमध्ये वाळूचा थर देऊन वर तिवई ठेवावी. रबरी कडे व शिट्टी काढलीच पाहिजे. पाणी घालू नये. दहा मिनिटे तापवून डबा आत ठेवावा व मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटे भाजावे. वरून तांबूस रंग येणार नाही, त्याची खंत नको. निखारे वापरावयाचे तर अंगणातच. थंडी वाजते म्हणून पेटती शेगडी बंद खोलीत कधीही नेऊ नये. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो आणि निजलेले माणूस उठत नाही.

भाजल्याने पेरूतील ‘क’ जीवनसत्त्व बरेच कमी होते. म्हणून टणक, चांगली फळे मुलांना कच्चीच द्यावीत.