बूटलोडर, लिनक्सचा

(आरंभक आज्ञावली). संगणकाचा वीजपुरवठा सुरू झाल्यावर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल डिस्कवर शोधून स्मृतीत भरणाऱ्या व संगणकाचा ताबा त्याच्याकडे सोपविणाऱ्या लहान आज्ञावलीला लिनक्सचा बूटलोडर म्हणतात. लॅपटॉपवर लिनक्सची स्थापना करताना येणाऱ्या अनेक अडचणी याच टप्प्यावर उद्‌भवतात. स्थापना पूर्ण झाल्याचा संदेश मिळतो. परंतु लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर पडद्यावर त्रुटीची एखादी ओळ उमटते, किंवा काहीच न घडल्याप्रमाणे पूर्वीची विंडोज सुरू होते. अशा वेळी सर्व माहिती नष्ट झाली असे समजून घाईने डिस्क पुन्हा आखली जाते आणि खरी हानी त्यामुळेच होते. वस्तुतः बूटलोडरच्या दोषात डिस्कवरील माहिती बहुधा शाबूत असते. आरंभाच्या साखळीतील एखादा दुवा तेवढा तुटलेला असतो. तो कोणता हे त्रुटीच्या स्वरूपावरून पुष्कळदा ओळखता येते.

इतिहास : आयबीएम पीसी व तत्सम संगणकांत १९८३ पासून डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत मास्टर बूट रेकॉर्ड ठेवण्याची पद्धत पडली. त्यापैकी ४४६ बाइट आज्ञावलीसाठी, ६४ बाइट डिस्कच्या विभागांच्या म्हणजे पार्टिशनांच्या कोष्टकासाठी व २ बाइट ओळखचिन्हासाठी असतात. एवढ्या अल्प जागेत संपूर्ण बूटलोडर मावत नसल्याने त्याचे टप्पे पाडावे लागले. लीनुस टोर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स प्रसिद्ध केल्यानंतर प्रारंभीच्या काळात वेर्नर आल्मेसबेर्गर यांनी तयार केलेला लिलो हा बूटलोडर प्रचारात आला. कार्याच्या प्रगतीबरोबर तो आपल्या नावाची चार रोमन अक्षरे क्रमाने पडद्यावर उमटवी. त्यामुळे कोणत्या अक्षरापाशी तो थांबला, यावरून दोषाचे स्थान कळे. उदा., पहिली दोनच अक्षरे दिसल्यास दुसरा टप्पा स्मृतीत भरला गेला. पण कार्यान्वित झाला नाही, असा अर्थ होई. कर्नलचे डिस्कवरील स्थान लिलो आधीच नोंदवून ठेवीत असल्याने कर्नल बदलल्यावर ही नोंद नव्याने करावी लागे व ती राहिल्यास संगणक सुरू होत नसे. लिलोचा विकास २०१५ मध्ये थांबला. एरिख बोलेन यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या ग्रब या बूटलोडरला फाइलींची मांडणी स्वतः वाचता येते. त्याची पुनर्रचित आवृत्ती २·०० ही २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. लिनक्सच्या अनेक प्रमुख वितरणांत ग्रब वापरला जातो.

रचना व कार्य : आधुनिक लॅपटॉपमध्ये बायॉसऐवजी यूईएफआय हे फर्मवेअर असते. फर्मवेअर आपल्या कायम स्मृतीतील नोंदी क्रमाने पाहते व डिस्कवरील ईएफआय पार्टिशनातून संबंधित बूटलोडरची फाइल उचलते. हे पार्टिशन फॅट पद्धतीने आखलेले असते. त्यानंतर ग्रब आपली संरचना-फाइल वाचून निवडसूची दाखवितो, कर्नल व त्याची प्रारंभिक सामग्री (इनिटरॅमएफएस) स्मृतीत भरतो आणि कर्नल मूळ पार्टिशन जोडून घेतो. फर्मवेअर, बूटलोडरची फाइल, संरचना-फाइल, कर्नल व मूळ पार्टिशन हे या साखळीचे पाच दुवे होत.

दोषांचे निदान : (१) ग्रबची कोणतीही खूण न दिसता विंडोज सुरू झाल्यास दोष पहिल्या दुव्यात असतो. नोंदींचा क्रम चुकलेला असतो, नोंद पुसलेली असते किंवा विंडोज यूईएफआय पद्धतीने व लिनक्स जुन्या बायॉस पद्धतीने स्थापन झालेले असते. यूएसबीवरून चालविलेल्या लिनक्समध्ये ‘सिस’ फोल्डरातील ‘फर्मवेअर’मध्ये ‘ईएफआय’ हा फोल्डर आढळल्यास ते सत्र यूईएफआय पद्धतीचे समजावे. (२) ‘ग्रब रेस्क्यू’ ही खूण व पार्टिशन न सापडल्याचा संदेश दिसल्यास ग्रबचा आरंभीचा भाग चालू झालेला असतो. मात्र त्याला आपली उर्वरित सामग्री सापडत नाही. पार्टिशन पुसणे किंवा त्यांचे क्रमांक बदलणे हे याचे नेहमीचे कारण होय. (३) नुसती ‘ग्रब’ ही खूण दिसल्यास संरचना-फाइल सापडलेली नसते. (४) ‘सिम्बॉल नॉट फाउंड’ हा संदेश ग्रबचा आरंभीचा भाग व त्याचे घटक वेगवेगळ्या आवृत्तींचे असल्याचे सुचवितो. (५) निवडसूचीत विंडोज नसणे हा बहुधा दोष नसतो. ग्रबच्या २०२१ मधील २·०६ या आवृत्तीपासून इतर प्रणालींचा शोध मूलतः बंद ठेवलेला आहे. (६) मूळ पार्टिशन जोडता येत नसल्याचे सांगून कर्नल थांबल्यास बूटलोडरने कर्नल चालू करण्याचे काम केलेले असते. तेथे प्रारंभिक सामग्री अथवा पार्टिशनाची ओळख तपासावी; केवळ ग्रब पुन्हा बसविणे सहसा व्यर्थ ठरते.

निवारण : प्रथम यूएसबीवरून लिनक्स चालवून महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या साधनावर घ्यावी. हे सत्र मूळ स्थापनेच्याच पद्धतीचे असावे. नंतर लिनक्सचे मूळ पार्टिशन व त्यात योग्य जागी ईएफआय पार्टिशन जोडून ‘सीएचरूट’ या आज्ञेने स्थापित प्रणालीत प्रवेश करावा; तेथून ग्रब पुन्हा बसवावा व त्याची संरचना-फाइल नव्याने तयार करावी. ईएफआय पार्टिशन मात्र पुन्हा आखू नये, कारण विंडोजचा बूटलोडरही त्यातच असतो. ‘ग्रब रेस्क्यू’ या खुणेपाशी ‘एलएस’ आज्ञेने पार्टिशने पाहून योग्य स्थान सांगितल्यास निवडसूची मिळू शकते. परंतु हा उपाय तात्पुरता असून लिनक्स सुरू होताच ग्रब पुन्हा बसवावा लागतो.

सिक्युअर बूट : मान्य स्वाक्षरी असलेल्या आज्ञावलीच चालू देणारी ही व्यवस्था २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर लॅपटॉपांत सर्वत्र आली. अनेक वितरणांत मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी असलेली शिम ही लहान आज्ञावली प्रथम चालते व ती ग्रबची स्वाक्षरी तपासते. ग्रबमधील ‘बूटहोल’ हा सुरक्षादोष २०२० मध्ये उघडकीस आल्यावर सदोष आवृत्ती पिढीनुसार नाकारणारी एसबॅट पद्धत योजण्यात आली. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या एका अद्ययावतीकरणाने हे नियम कडक झाले आणि दोन्ही प्रणाली असलेल्या काही संगणकांवर लिनक्स सुरू होईनासे झाले. त्या संगणकांच्या डिस्कवरील माहितीला मात्र धक्का लागलेला नव्हता. अशा प्रसंगी सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून शिम व ग्रब अद्ययावत करावे आणि ते पुन्हा चालू करावे. विंडोजचे पार्टिशन बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास फर्मवेअरमध्ये बदल करण्यापूर्वी त्याची पुनर्प्राप्ती-किल्ली हाताशी ठेवणे अत्यावश्यक आहे. ती नसल्यास शाबूत असलेली माहितीही मालकाला कायमची दुर्लभ होऊ शकते.