व्यायामकाळातील ओकारीची उबळ : कारणमीमांसा व व्यवस्थापन

प्रस्तावना :

महाविद्यालयाच्या मैदानावर पहाटे सराव करणारा एखादा विद्यार्थी धावता धावता अचानक थांबतो, गुडघ्यांवर हात टेकून वाकतो आणि त्याला कोरड्या ओकाऱ्या येऊ लागतात. पोटातून काहीच पडत नाही. सराव मात्र तेथेच खंडित होतो. महाराष्ट्र पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर व महिला उमेदवारांना ८०० मीटर धावावे लागते. अशा चाचणीत काही सेकंदांचा खंडही गुण हिरावून नेतो. असा विद्यार्थी 'दम नसलेला' समजला जातो आणि कालांतराने तो स्वतःही तसेच मानू लागतो. वस्तुतः ही उबळ बहुधा दुर्बलतेचे लक्षण नसून शरीराच्या एका संरक्षक यंत्रणेची अतिसंवेदनशीलता असते. तिची कारणे व उपाय यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

संकल्पना :

जिभेचा मागील भाग, मृदू तालू, टॉन्सिलभोवतालचा भाग व घशाची मागील भिंत यांना स्पर्श झाला असता घशाचे स्नायू एकाएकी आकुंचन पावतात. ही प्रतिक्षिप्त क्रिया होय. मेंदूपासून निघणाऱ्या चेतांच्या १२ जोड्यांपैकी प्रामुख्याने नवव्या जोडीतून स्पर्शाचा संदेश मस्तिष्कपुच्छाकडे जातो आणि मुख्यतः दहाव्या, म्हणजे व्हेगस चेतेतून स्नायूंना आज्ञा मिळते. अयोग्य वस्तू घशाखाली वा श्वासमार्गात जाऊ नये, हा तिचा हेतू. तिची तीव्रता व्यक्तिपरत्वे भिन्न असते. काही निरोगी व्यक्तींत ती आढळतच नाही, तर काहींना दात घासतानाही ओकारी येते.

उलटी ही याहून वेगळी क्रिया आहे. जठर, आतडी, अंतर्कर्ण व रक्तातील बदल यांच्या संदेशांमुळे ती घडते आणि तीत श्वासपटल व पोटाचे स्नायू भाग घेतात. व्यायामात हे दोन्ही मार्ग एकाच वेळी उद्दीपित होऊ शकतात. त्यामुळे उबळ घशातून उठते की पोटातून, हे ठरविणे ही उपायाची पहिली पायरी ठरते.

कारणे :

१) घशाशी निगडित : वेगाने धावताना तोंडाने श्वास घेतला जातो, घसा कोरडा पडतो व कफ चिकट होतो. सर्दी वा ॲलर्जीमुळे नाकामागून घशात उतरणारा स्राव, व्यायामजन्य दम्याचा खोकला, तसेच मुष्टियोद्ध्यांचा मागे फार लांब असलेला माउथगार्ड यांनीही उबळ येते.

२) पोटाशी निगडित : तीव्र व्यायामात रक्तप्रवाह स्नायूंकडे व त्वचेकडे वळतो आणि पचनसंस्थेचा पुरवठा लक्षणीय घटतो. जठर रिकामे होण्याची गती मंदावते. नुकतेच घेतलेले जेवण, तळलेले पदार्थ किंवा अतिगोड पेये अशा वेळी त्रासदायक ठरतात. आम्ल वर चढून घशाला झोंबते.

३) मनाशी निगडित : चाचणीची धास्ती व पूर्वीच्या फजितीची आठवण यांमुळे संवेदनशीलता वाढते. उबळ येईल या भीतीनेच ती येते, असे दुष्टचक्र निर्माण होते.

उपाय :

भरपेट जेवण व व्यायाम यांत २ ते ३ तासांचे अंतर असावे. पाणी एकदम न पिता घोटाघोटाने प्यावे. सुरुवातीची १० ते १५ मिनिटे हलक्या हालचालींत घालवावीत व शक्यतो नाकाने श्वास घ्यावा. वेग टप्प्याटप्प्याने वाढवावा. आरंभीच सर्व शक्ती पणाला लावू नये. उबळ जाणवताच वेग कमी करून श्वास सावकाश सोडावा व लक्ष पावलांच्या लयीकडे वळवावे. व्यायाम संपताच आडवे न होता काही मिनिटे चालावे. माउथगार्ड दंतवैद्याकडून मापाचा करून घ्यावा.

घशाची संवेदनशीलता सरावाने कमी करता येते. मऊ ब्रशने जिभेवर, उबळ येण्याच्या जागेच्या अलीकडेच, रोज काही सेकंद हलका स्पर्श करावा आणि सवय होईल तसतसे काही आठवड्यांत थोडे मागे सरकावे. यात घाई किंवा बळजबरी अपायकारक ठरते.

वैद्यकीय सल्ल्याची आवश्यकता :

छातीत दडपण, भोवळ, धाप न थांबणे, रक्ताची उलटी, अकारण वजन घटणे किंवा गिळताना अडथळा ही लक्षणे असल्यास तत्काळ वैद्यकीय तपासणी करावी. उन्हात धावताना मळमळीसह असंबद्ध बोलणे, तोल जाणे वा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची चिन्हे होत. अशा विद्यार्थ्यास सावलीत नेऊन अंग पाण्याने थंड करणे व रुग्णालयात हलविणे हे शिक्षकाचे आद्य कर्तव्य ठरते.

समारोप :

अतिव्यायामाच्या दुष्परिणामांत चरकसंहितेने छर्दी, म्हणजे उलटीचा समावेश केला आहे आणि आलेला छर्दीचा वेग रोखू नये असेही सांगितले आहे. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, हा आयुर्वेदाचा दंडक आहे. स्पर्धेच्या तयारीत तो शब्दशः पाळता येणार नाही. परंतु शरीराची सूचना ऐकून भार क्रमाने वाढवावा, हे त्यातील तत्त्व आजही ग्राह्य आहे. मैदानावर ओकणाऱ्या विद्यार्थ्यास हिणविण्याऐवजी त्याने केव्हा व काय खाल्ले, श्वास कसा घेतला आणि त्याला कशाची धास्ती वाटते, हे तीन प्रश्न शिक्षकाने विचारले, तर सराव सोडू पाहणारे अनेक विद्यार्थी मैदानावर टिकून राहतील.