आठ चिनूक, पंधरा वर्षं

पुढे-मागे दोन अजस्र रोटर, शेपटाकडे जमिनीला टेकणारा रॅम्प आणि दहा टनांपर्यंत भार उचलण्याची ताकद. या चिनूक हेलिकॉप्टरवर ब्रिटिश सैन्याचा जीव जडला तो १९८२ च्या फॉकलंड युद्धात. २५ मे रोजी ‘अटलांटिक कन्व्हेयर’ या मालवाहू जहाजावर अर्जेंटिनाची एक्झोसेट क्षेपणास्त्रं आदळली आणि तीन चिनूक जहाजासोबत गेली. चौथं त्या वेळी हवेत होतं, म्हणून वाचलं. ‘ब्राव्हो नोव्हेंबर’ हे त्याचं नाव. सुटे भाग आणि दुरुस्तीची अवजारं जहाजाबरोबर गेलेली, तरी त्या एकट्यानं उरलेल्या युद्धाचा भार वाहिला. एका खेपेला तर त्यात ८१ सैनिक दाटीवाटीनं उभे होते.

या ताकदीचं पुढचं पाऊल म्हणून ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयानं १९९५ मध्ये बोइंगकडे नवी चिनूक मागवली. त्यातली आठ खास होती : मार्क ३. विशेष दलांना रात्री, खराब हवेत, जमिनीलगत उडत शत्रूच्या मुलखात खोलवर न्यायचं आणि परत आणायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी दोन्ही कुशींना इंधनाच्या फुगीर टाक्या बसवल्या. सुमारे २५ कोटी ९० लाख पौंडांचा हा व्यवहार, आणि १९९८ च्या नोव्हेंबरात हेलिकॉप्टरं सेवेत येणार होती.

अमेरिकेच्या विशेष दलांकडे याच कामासाठी संपूर्ण डिजिटल कॉकपिटचं चिनूक होतं. ब्रिटननं पैशांच्या ओढाताणीमुळे मधला मार्ग काढला : काही पडदे डिजिटल, काही जुनी काट्यांची उपकरणं. असं कॉकपिट जगात दुसरीकडे कुठेच नव्हतं, त्यामुळे त्याचं सॉफ्टवेअरही एकमेव. ते उड्डाणास सुरक्षित आहे हे ब्रिटिश नियमांनुसार सिद्ध करायचं, तर आतला प्रोग्रॅम तपासायला मिळायला हवा. कंत्राटात ती अटच नव्हती. २००१ मध्ये यंत्रं आली. बोइंगनं ठरलेलं सगळं दिलं होतं, हे ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसनंही मान्य केलं. पण ती उडवायची तर निरभ्र दिवसा, ५०० फुटांच्या वर, खालच्या खुणा ओळखत. रात्रीच्या गुप्त मोहिमांसाठी घेतलेल्या हेलिकॉप्टरांना ही परवानगी! विल्टशरमधल्या बॉस्कम डाउन या विमान-चाचणी तळावर, तापमान आणि आर्द्रता सांभाळणाऱ्या हँगरमध्ये ती उभी राहिली.

नियमांचा एवढा बाऊ कशाला, असं त्या काळात पुष्कळांनी विचारलं. त्याचं उत्तर मार्क ३ च्या आधी घडलेल्या एका घटनेत आहे. २ जून १९९४ रोजी स्कॉटलंडच्या मल ऑफ किंटायर इथे मार्क २ जातीचं चिनूक धुक्यात डोंगरावर आदळलं आणि आतले सगळे २९ जण गेले. त्यात उत्तर आयर्लंडमधले गुप्तवार्ता अधिकारी मोठ्या संख्येनं होते. या हेलिकॉप्टरच्या इंजिनांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल आधीपासून शंका होत्या. तपासणीचं काम दिलेल्या कंपनीनं १८ टक्क्यांहून कमी प्रोग्रॅम पाहून ४८५ शंकास्थळं नोंदवली होती. अपघाताच्या आदल्याच दिवशी बॉस्कम डाउनच्या चाचणी वैमानिकांनी मार्क २ ची उड्डाणं थांबवली होती. तरीही दोघा मृत वैमानिकांवर घोर निष्काळजीपणाचा ठपका बसला. तो पुसायला २०११ साल उजाडावं लागलं. अपघात नेमका कशानं झाला हे कधीच निश्चित झालं नाही, सॉफ्टवेअरचा दोषही सिद्ध झाला नाही. पण ज्या प्रोग्रॅमवर माणसांचे जीव अवलंबून असतात तो कुणीतरी उघडून पाहिलेला असला पाहिजे, हा बॉस्कम डाउनचा आग्रह मला शंभर टक्के रास्त वाटतो. चूक तपासणाऱ्यांची नव्हती. हा आग्रह माहीत असूनही कंत्राटात तो न उतरवणाऱ्या मंत्रालयाची होती.

दरम्यान अफगाणिस्तान पेटलं. २००१ पासून विशेष दलांना तात्पुरती रात्रीची साधनं बसवलेल्या मार्क २ वर भागवावं लागलं, आणि त्यातला धोका ऑडिट ऑफिसनं स्पष्ट नोंदवला. २००६ मध्ये ब्रिटिश फौज तिथल्या हेलमंड प्रांतात उतरली, तसा हेलिकॉप्टरांचा तुटवडा आणखी टोचू लागला. रस्त्यांखाली सुरुंग पेरलेले असत. वेल्श गार्ड्सच्या पहिल्या बटालियनचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल रुपर्ट थॉर्नलो यांनी २००९ च्या जूनमध्ये वरिष्ठांना लिहिलं होतं, की हेलिकॉप्टरांअभावी नेहमीची ये-जाही रस्त्यानं करावी लागते आणि त्यामुळे सुरुंगांचा धोका वाढतो. १ जुलै रोजी ते स्वतः सुरुंगाच्या स्फोटात गेले. ही आठ हेलिकॉप्टरं असती तर ते वाचले असते, असं कुणीच म्हणू शकत नाही. तरी त्या उन्हाळ्यात ती आठही हेलमंडच्या कामाला आलेली नव्हती, ही वस्तुस्थिती मला अजून अस्वस्थ करते.

मधल्या काळात दुरुस्तीची एक मोठी योजना वाटाघाटींतच अडकून पडली होती. शेवटी २००७ च्या मार्चमध्ये निर्णय झाला : नवं कॉकपिट काढून टाका आणि जुन्या मार्क २ सारखं बसवा. पैसे मोजून आणलेले डिजिटल पडदे उतरवले गेले. पहिलं सुधारलेलं हेलिकॉप्टर २००९ च्या जुलैमध्ये उडालं आणि २०१० मध्ये ताफा कामाला लागला. ऑडिट ऑफिसच्या अंदाजानं एकूण खर्च ४२ कोटी २० लाख पौंडांवर गेला होता, म्हणजे दर हेलिकॉप्टरमागे पाच कोटींहून अधिक. मधल्या मार्गानं पैसे वाचवण्याचा बेत असा अंगाशी आला.

पुढे ब्रिटनच्या सगळ्याच जुन्या चिनूकना नवं डिजिटल कॉकपिट देण्याचा ‘प्रोजेक्ट ज्युलियस’ आला आणि मार्क ३ चं मार्क ५ झालं. या खेपेला कॉकपिट सबंध ताफ्यासाठी एकच होतं. आणि २०२१ मध्ये लांब पल्ल्याची १४ चिनूक मागवताना ब्रिटननं अमेरिकी सरकारमार्फत खरेदीचा रस्ता धरला.