नौकेचे वय

गेल्या हंगामात मुंबईहून मुरगावला येण्यासाठी आम्ही मोठ्या हौसेने एका विलासी पर्यटन-नौकेचे तिकीट काढले. कंपनीचे नाव देण्याचे प्रयोजन नाही. जाहिरातीत संगमरवरी जिने होते, झुंबरे होती. प्रत्यक्षात जिन्यावरील गालिचा पायरीच्या कडेला दोरे दिसेपर्यंत झिजलेला, पितळी कठड्यांवर हिरवट डाग, झुंबरातील निम्मे दिवे मालवलेले. आमच्या खोलीत गवाक्षाखालून गंजाचा तांबूस ओघळ भिंतीवर उतरला होता, आणि वातानुकूलनाच्या झरोक्यातून पावसाळ्यातल्या बंद कोठीचा वास येत होता. न्हाणीघराच्या दारावर पांढऱ्या रंगाखालून कोणत्या तरी युरोपीय भाषेतील सूचना अद्याप वाचता येत होती. तेवढ्यापुरते मात्र आम्हांस हसू आले.

जुनेपणाशी आमचे वैर नाही. मुंबई-पणजी आगबोटीने ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना डेकवर पसरलेली पथारी, इंजिनाच्या तेलाचा दर्प आणि शेजारच्या प्रवाशाची ओकारी अजून आठवत असेल. त्या बोटीच्या सजावटीबद्दल कोणी तक्रार केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तिने राजवाड्याचे आश्वासन कोणास दिले होते?

नौकांचे पुनर्जन्म हा या धंद्याचा नित्यक्रमच आहे. २०१९ मध्ये मुंबईहून सफरी करू लागलेली 'कर्णिका' हे त्याचे उदाहरण. (आमची तक्रार तिच्याविषयी नव्हे.) १९९० साली इटलीतील मोंफाल्कोने येथे ती 'क्राउन प्रिन्सेस' म्हणून जन्मली; रेन्झो पियानो या थोर वास्तुविशारदाने तिचे बाह्यरूप डॉल्फिनच्या आकारावरून कल्पिले होते. पुढे 'आ रोझा ब्लू', 'आयडाब्लू', 'ओशन व्हिलेज टू', 'पॅसिफिक ज्युवेल' असे करीत ती सहाव्या नावाने आपल्याकडे आली, आणि २०२० च्या अखेरीस अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात गेली. नाव, ध्वज, रंग सारे बदलते. बदलत नाही तो नौकेचा सात अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांक. तो तिच्या अंगावर कायमचा कोरलेला असतो. आम्ही आमच्या नौकेचा टिपून घेतला व घरी येऊन शोध केला. तिने तिशी केव्हाच ओलांडली होती.

सजावट हा केवळ शोभेचा विषय आहे, असेही कोणी समजू नये. ज्वालाग्राही लाकूडकामाविषयीचा आंतरराष्ट्रीय नियम ऑक्टोबर २०१० पासून पूर्णपणे लागू झाला, तेव्हा भिंतींना सुरेख लाकडी तक्तपोशी असलेल्या कित्येक जुन्या नौकांना समुद्राचा निरोप घ्यावा लागला. आमच्या नौकेवरील जीवनरक्षक होड्या मात्र नीट राखलेल्या दिसल्या, हे सांगितलेच पाहिजे. रोज पहाटे खलाशी गंज खरवडून रंग चढवीत होते. त्यांत आपल्या सासष्टीतले दोन तारवटी भेटले. खारा वारा पहाटेचे काम संध्याकाळपर्यंत पुसून टाकतो, असे ते म्हणाले. त्यांच्या कष्टात उणे नव्हते. उणे होते ते मालकाच्या थैलीत, किंवा खरे सांगायचे तर मनात. नौका काही आठवडे कोरड्या गोदीत ठेवावी, नळ, गालिचे, वायुवाहिन्या बदलाव्यात, तर तेवढ्या दिवसांचे भाडे बुडते. आणि आपल्याकडील हंगाम पावसाळ्यामुळे आधीच तोकडा. त्यापेक्षा रंगाचे डबे स्वस्त पडतात.

आमची मागणी लहानशी आहे. तिकिटावर भोजनाच्या वेळा छापतात, पोहण्याच्या पोषाखाचे नियम छापतात. तेथेच नौका बांधल्याचे वर्ष आणि तिच्या शेवटच्या मोठ्या डागडुजीचा महिना छापावा. मग तीस वर्षांच्या नौकेवर जायचे की नाही, आणि गेल्यास किती मोजायचे, हे प्रवासी आपले आपण ठरवील. आम्ही कंपनीस तसे लिहिले. पुढील सफरीवर सूट देऊ करणारे पत्र पंधरा दिवसांत आले. वर्षाविषयी त्यात अक्षरही नाही.