हाड कापण्यापूर्वी : अवरक्त वर्णपटावरून अस्थींची स्थिती ओळखणे

हरियाणातील राखीगढी येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली हडप्पाकालीन दफनभूमीचे उत्खनन झाले. तेथील ६१ अस्थिनमुन्यांची डीएनएसाठी चाचणी झाली. उपयोगी डीएनए मिळाला तो फक्त एका स्त्रीच्या सांगाड्यातून, आणि तोही शंभराहून अधिक वेळा प्रक्रिया केल्यावर. हे संशोधन २०१९ मध्ये 'सेल' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेतील नीरज राय हे त्याच्या लेखकांपैकी एक होते.

या उदाहरणातून एक प्रश्न पुढे येतो. कापलेले हाड परत मिळत नाही आणि ते कोणा माणसाचे अवशेष असते. मग कोणते हाड कापावे, हे आधी कसे ठरवायचे? अवरक्त वर्णपटमिती, म्हणजेच एफटीआयआर, येथे मदत करते. तिला एक-दोन मिलिग्रॅम भुकटी पुरते. कार्बन कालमापनासाठी मात्र बहुधा शेकडो मिलिग्रॅम हाड लागते.

हाडात काय असते?

हाडात मुख्यतः दोन घटक असतात. एक, कार्बोनेटयुक्त ॲपेटाइट हे कॅल्शियम फॉस्फेटचे खनिज. दुसरा, कोलॅजन हे प्रथिन. जमिनीतील उष्णता, पाणी आणि सूक्ष्मजीव यांमुळे कोलॅजन तुटते. त्याचे आवरण गेले की खनिजाचे बारीक स्फटिक विरघळून पुन्हा जमतात आणि अधिक मोठे, अधिक सुबक होतात. हे दोन्ही बदल वर्णपटात दिसतात.

काय मोजायचे?

१. विभाजन गुणांक : फॉस्फेटचे दोन उंचवटे ५६५ आणि ६०५ सेंमी⁻¹ जवळ येतात. स्फटिक सुबक झाले की त्यांमधली ५९० जवळची दरी खोल होते. दोन्ही उंचवट्यांच्या शोषणांची बेरीज करून तिला दरीच्या शोषणाने भागायचे.

२. कोलॅजन : १६५० जवळील अमाइड-१ पट्ट्याचे शोषण भागिले १०३५ जवळील फॉस्फेटचे शोषण.

३. कार्बोनेट : १४१५ चे शोषण भागिले १०३५ चे शोषण. ७१२ जवळ टोक दिसल्यास मातीतील कॅल्साइट हाडात शिरले आहे असे समजावे. अशा वेळी हे गुणोत्तर फसवे ठरते.

उदाहरण (आकडे काल्पनिक)

नमुना 'क' : ५६५ वर ०.४२, ६०५ वर ०.४८, ५९० वर ०.३०. गुणांक = ०.९० ÷ ०.३० = ३.०. अमाइड गुणोत्तर ०.२०.

नमुना 'ख' : ०.५०, ०.५५ आणि ०.२५. गुणांक = १.०५ ÷ ०.२५ = ४.२. अमाइड गुणोत्तर ०.०२.

'ख' मधील कोलॅजन जवळजवळ संपले आहे आणि स्फटिक बदलले आहेत. कालमापनासाठी आधी 'क' घ्यावा. 'ख' जपून ठेवावा.

येथे चुका होतात

- भुकटी जितकी बारीक, तितका गुणांक बदलतो. म्हणून सर्व नमुने सारखेच दळून सारख्याच चाळणीतून काढावेत.
- पाण्याचा पट्टा १६४० जवळ येतो आणि अमाइडमध्ये मिसळतो. ओलसर भुकटीत कोलॅजन असल्याचा भास होतो. नमुना नीट वाळवावा.
- झिंक सेलेनाइडचा स्फटिक असलेल्या उपकरणात ६५० च्या आसपास खालचे काही दिसत नाही, म्हणजे विभाजन गुणांक काढताच येत नाही. हिऱ्याचा स्फटिक किंवा पोटॅशियम ब्रोमाइडची गोळी वापरावी.
- जळलेल्या हाडाचा गुणांकही वाढतो. तेव्हा केवळ एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

या पद्धतीची मर्यादा

वर्णपट डीएनए दाखवत नाही. तो खनिज आणि कोलॅजन दाखवतो. कोलॅजन चांगले असूनही डीएनए न मिळणे शक्य आहे. त्यामुळे ही पद्धत "येथे नक्की मिळेल" असे सांगत नाही, "येथे मिळण्याची आशा कमी" एवढेच सांगते. पण साठ हाडांपुढे उभ्या असलेल्या संशोधकाला तेवढेही मोलाचे असते. ज्या हाडाकडून उत्तराची आशा नाही ते अखंड राहते, आणि उद्याच्या अधिक चांगल्या तंत्रासाठी शिल्लक राहते.

स्वाध्याय : एका नमुन्याचा विभाजन गुणांक ४.५ आहे, पण अमाइड गुणोत्तरही ०.१८ आहे. या विसंगतीची दोन संभाव्य कारणे लिहा आणि प्रत्येक कारण तपासण्यासाठी काय कराल ते सांगा.