सागरेश्वर : माणसानें उभें केलेलें अरण्य



अरण्य सृष्टीनें वाढवावें आणि माणसानें तोडावें, अशीच आपली सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत खोटी पाडणारें एक स्थळ सांगली जिल्ह्यांत आहे, आणि तें म्हणजे सागरेश्वर.

गोदावरीवरील नांदूर मध्यमेश्वराचें नांव आपण ऐकलें असेल. तेथील बंधारा शेतीसाठीं बांधला गेला. पुढें गाळ सांचून पाणथळ झाली व पक्षी आपण होऊन आले. रामसर करारान्वयें तिची गणना आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींत झाली. सागरेश्वराची गोष्ट निराळी. कडेगांव, पलूस व वाळवा या तालुक्यांच्या सीमेवरील या डोंगरांत बारमाही पाणी नाहीं. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनीं लोकांना हाताशीं धरून तेथें वृक्षलागवडीचें व्रत चालविलें. १९८५ सालीं सुमारें ११ चौरस किलोमीटरांचा हा प्रदेश अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तेथील बहुतेक वन्य पशु बाहेरून आणून सोडलेले आहेत.

उघड्या डोंगराचें रान कसें होतें? कुऱ्हाड व गुरें थांबलीं म्हणजे प्रथम गवत वाढतें. गवतानें पावसाचा मारा अडतो, माती जागच्या जागीं राहते व पाणी जिरूं लागतें. त्या ओलीवर आधीं झुडपें आणि मग झाडें तग धरतात. जी माती डोंगरावर टिकली, ती कृष्णेच्या पात्रांत गाळ होऊन जात नाहीं. म्हणजे डोंगराची राखण ही नदीचीही राखण होय.

आगगाडीनें जाणाऱ्यास ताकारी वा किर्लोस्करवाडी हीं स्थानकें जवळचीं. पायथ्याचें देवराष्ट्रें हें यशवंतराव चव्हाणांचें जन्मग्राम. त्यांचा जन्म १९१३ सालचा. सागरेश्वराचीं प्राचीन देवळें पाहून माथ्यावर चढावें. तेथून खालीं कृष्णेचें खोरें व उंसाचे मळे दृष्टीस पडतात. पावसाळा सरतांना रान हिरवेंगार असतें. पहांटेस गेल्यास चितळ, सांबर, काळवीट यांचें दर्शन घडण्याचा संभव अधिक. मात्र मौन पाळावें, आणि हरणांना खाऊ घालण्याचा मोह आवरावा.

परंतु केवळ दृश्य पाहून परतणें पुरेसें नाहीं. उन्हाळ्यांत येथील पाणवठे माणसानेंच भरावे लागतात. चारापाणी अपुरें पडलें, कुंपण मोडलें, कीं हरणें शेजारच्या शिवारांत उतरतात व उभें पीक खातात. ज्या शेतकऱ्याच्या गुरांना हे डोंगर बंद झाले, त्याच्याच ताटांतला घास हरीण उचलतें. त्याला भरपाई वेळेवर मिळाली नाहीं, तर अभयारण्याचा पहिला रक्षकच त्याचा वैरी होईल. आपण शहरवासी दोन घटकांच्या आनंदासाठीं तेथें जातों; त्या आनंदाची किंमत एकट्या शेतकऱ्यानें कां द्यावी?

स्वयंभू अरण्य एखादे वेळीं स्वतःस सांवरून घेईल. माणसानें लाविलेल्या अरण्यास मात्र माणसाचा हात नित्य लागतो. झाड लावणें हा एका दिवसाचा उत्सव. तें राखणें हा पिढ्यान्‌पिढ्यांचा संसार आहे.