दूरसभेचें साधन निवडतांना

गेल्या पांच-सहा वर्षांत आपल्या सहकारी सोसायट्या, पाणीवापर संस्था व शेतकरी उत्पादक कंपन्या यांच्या कमिटीच्या सभा मोबाइलवर भरविण्याचा प्रघात बराच रूढ झाला आहे. 2020 च्या मार्चमध्यें टाळेबंदी झाली तेव्हां ही चाल नाइलाजानें शिरली. पण टाळेबंदी उठल्यावरहि ती गेली नाहीं. त्याचें कारण उघड आहे. तासाभराच्या सभेसाठीं तालुक्याला जावयाचें म्हणजे सारा दिवस एस. टी. ची वाट पाहण्यांत जातो, आणि पेरणीच्या अगर काढणीच्या दिवसांत तर कोरमहि जमत नाहीं. घरच्या ओट्यावर बसून सभा होत असेल तर ती कोणास नको?

मात्र ही सभा कोणत्या साधनावर भरवावी, झूम, गूगल मीट, टीम्स, जित्सी कीं व्हॉट्सॲप, असें आम्हांस वरचेवर विचारण्यांत येतें. आमची हयात महसूल खात्याच्या दप्तरांत कारकुनी करण्यांत गेली. यंत्रांतील खुब्या आम्हांस घरचीं पोरें दाखवितात. परंतु सभा कशी भरते, कशी मोडते आणि तिचा ठराव पुढें तंट्यांत कितपत टिकतो, एवढें आम्हीं पुष्कळ पाहिलें आहे. त्यावरून आमचें मत असें कीं, सेक्रेटरीच्या लॅपटॉपकडे पाहून साधन निवडूं नये; ज्या सभासदाचा फोन सर्वांत जुना व ज्याच्या वस्तीवर रेंज सर्वांत कमी, त्याच्याकडे पाहून निवडावें. जमीन न पाहतां बियाणें घेणाऱ्यास आपण शहाणा म्हणत नाहीं.

आमच्या माहितींतील एका पाणीवापर संस्थेची कमिटी चौदा जणांची आहे. रब्बीच्या पाळ्या ठरविण्यासाठीं त्यांनीं अशीच सभा बोलाविली. सुरुवातीचीं पंधरा मिनिटें "आवाज येतो का?", "अण्णा, तुमचा माइक बंद आहे," यांतच गेलीं. मग मागील हिशेब वाचण्यांत आला, आणि पाळ्यांचा विषय निघतो न निघतो तोंच साधनाची फुकट मुदत भरून सभा आपोआप बंद पडली. पुन्हां लिंक पाठविली. अकरा जण परत आले. राहिलेले तिघेहि चारीच्या शेपटाकडील. त्यांची वस्ती डोंगराच्या आड, तेथें एकदां तुटलेली जोडणी लवकर लागत नाहीं. अकरांनीं कोरम पुरा आहे असें पाहिलें, आणि शेपटापासून माथ्याकडे पाणी देण्याची संस्थेची चाल मोडून माथ्यापासून सुरुवात करण्याचा ठराव केला. तिघांचा हरभरा घाटे भरण्याच्या वेळीं कोरडा राहिला. इतिवृत्तांत मात्र "ठराव सर्वानुमतें मंजूर" असें लिहिलें होतें. पुढें त्या तिघांनीं पाणीपट्टी देण्यास हरकत घेतली आणि प्रकरण वर्षभर चाललें. यांत कोणाची लबाडी होती असें आम्हांस वाटत नाहीं; पण घड्याळाकडे आधीं पाहिलें असतें तर हा तंटा उद्भवला नसता.

तेव्हां मुदतीची गोष्ट प्रथम सांगतों. झूमच्या फुकट खात्यावर सभा 40 मिनिटांची व 100 माणसांपर्यंत होते. गूगल मीटवर तीन किंवा अधिक माणसें असल्यास 60 मिनिटें मिळतात. माणसें तेथेंहि 100. मायक्रोसॉफ्ट टीम्सचा फुकट हिशेब तोच, 60 मिनिटें व 100 माणसें. जित्सीच्या सार्वजनिक ठिकाणावर वेळेचें बंधन नाहीं. मात्र ऑगस्ट 2023 पासून सभा उघडणाऱ्यास आपल्या एखाद्या खात्यानें प्रवेश करावा लागतो, बाकीच्यांस तशी गरज नाहीं. व्हॉट्सॲपवर 32 जण एका वेळीं बोलूं शकतात. मुदत पुरत नसेल तर पैसे भरण्याचा मार्ग आहेच, आणि झूमसारख्या साधनांत सभा बोलावणाऱ्या एकट्याचें खातें पैसे भरलेलें असलें म्हणजे पुरतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. चौदा जणांनीं चौदा वर्गण्या भरण्याचें कारण नाहीं. या अटी कंपन्या आपल्या मर्जीनें बदलतात, म्हणून दर वर्षीं एकदां पाहून घ्याव्या. एके काळीं घरोघर माहीत असलेलें स्काइप 5 मे 2025 रोजीं बंद झालें, हें ध्यानांत असूं द्यावें.

दुसरी गोष्ट रेंजची, आणि आमच्या मतें हीच खरी. चलच्चित्रासह बोलणें म्हणजे मोठ्या पाइपाचें पाणी. तें बारीक नळींतून ओढूं गेलें कीं धार तुटते. झूमसाठीं चांगल्या प्रतीच्या चित्राला दोघांच्या बोलण्यांत सेकंदाला सुमारें 600 किलोबिट लागतात, तर नुसत्या आवाजाला 60 ते 80 पुरतात. तासाचा हिशेब मांडला तर चित्रासाठीं एका बाजूनें सुमारें 270 एम. बी. खर्च होतात, येणें व जाणें मिळून 540. आवाजासाठीं एका बाजूनें 36 एम. बी. च्या आंत भागतें. म्हणून हजेरीच्या वेळीं प्रत्येकानें तोंड दाखवावें आणि मग कॅमेरा बंद करावा. पाळ्यांचा तक्ता दाखवावयाचा असल्यास आदल्या दिवशींच त्याचा फोटो सर्वांस पाठवावा. एकाच खोलींत चार फोन उघडे ठेवून बसूं नये, आवाज घुमून कांहींच कळत नाहीं. सोसायटीच्या कचेरींत जे जमतील त्यांनीं एकच फोन मध्यें ठेवावा.

ज्यांच्याजवळ बटणांचा साधा फोन आहे त्यांस या सर्व यादींत जागा नाहीं, आणि असे सभासद अजून पुष्कळ आहेत. साध्या कॉन्फरन्स कॉलवर बोलावणारा धरून सहा जण एकत्र येतात, व त्यास इंटरनेट मुळींच लागत नाहीं. पांच-सहांची पोटसमिति असेल तर आम्ही तोच मार्ग सुचवूं. नव्या साधनाची हौस म्हणून जुनें टाकूं नये.

परक्यांचा प्रवेश हाहि एक मुद्दा आहे. 2020 सालीं अनोळखी माणसें दुसऱ्यांच्या झूम सभांत शिरून गोंधळ घालीत. तेव्हां 5 एप्रिल 2020 पासून त्या कंपनीनें पासवर्ड व बाहेर थांबण्याची खोली या गोष्टी मुळांतच चालू ठेवल्या. त्याच महिन्याच्या 16 तारखेस केंद्रीय गृहखात्यानें सरकारी कामासाठीं तें साधन वापरूं नये असें सुचविलें होतें. आपल्या गांवीं धोका निराळा असतो: लिंक गांवच्या मोठ्या ग्रुपवर पडते आणि कर्जदाराची थकबाकी साऱ्या गांवाला ऐकूं जाते. यासाठीं दाराशीं एक माणूस नेमावा; नांव ओळखल्यावांचून त्यानें कोणास आंत घेऊं नये.

राहिलें इतिवृत्त. कंपन्यांच्या संचालकांस दूरून सभेंत भाग घेण्याची मुभा 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 173 नें दिली आहे, आणि 2014 च्या नियमांत तिची रीत सांगितली आहे. ती आम्हां जुन्या कारकुनांस फार आवडली. आरंभीं प्रत्येकानें आपलें नांव व कोठून बोलतों तें सांगावें. बोलण्यापूर्वीं आपण कोण तें कळवावें. कोणाचें बोलणें तुटलें अगर अस्पष्ट ऐकूं आलें तर अध्यक्षानें तें त्यास पुन्हां बोलावयास सांगावें. निर्णयाशीं असहमत असणाऱ्यांचीं नांवें जाहीर करावीं. आणि इतिवृत्ताचा मसुदा 15 दिवसांच्या आंत सर्वांकडे पाठवावा. सहकारी संस्थांनीं आपले उपविधि पाहावे व शंका असल्यास निबंधकांच्या कचेरींत विचारावें. पण ही रीत पाळण्यास कोणाची आडकाठी नाहीं. वरच्या संस्थेंत "बोलणें तुटलें तर पुन्हां विचारा" एवढा एकच नियम पाळला असता तरी ते तिघे गैरहजर आहेत हें अध्यक्षांच्या ध्यानीं आलें असतें. सभेचें रेकॉर्डिंग हवें असल्यास झूमच्या फुकट खात्यावर तें संगणकावरच होतें, फोनवर नाहीं. मीटच्या फुकट खात्यावर तें मुळींच मिळत नाहीं. रेकॉर्डिंग असलें तरी प्रोसीडिंग बुक लिहावेंच लागतें.

दहा-पंधरा जणांच्या कमिटीस आम्ही सध्यां गूगल मीट सुचवितों, कारण बहुतेकांच्या अँड्रॉइड फोनांत गूगलचें खातें आधींच असतें व तासाभरांत काम आटोपतें. पाळ्या, कर्जवांटप किंवा निवडणुकीसारखा लांबणारा विषय असेल तर जित्सी घ्यावें, किंवा एक पैसे भरलेलें खातें संस्थेच्या नांवानें ठेवावें. सेक्रेटरीच्या खाजगी नांवानें नको. आणि सभेच्या आदल्या दिवशीं, सभेच्याच वेळेस, शेपटाकडील सभासदाच्या घरीं कोणी तरी जाऊन तेथून जोडणी लावून पाहावी. लागली नाहीं तर त्याला रेंज असलेल्या शेजाऱ्याच्या पडवींत बसण्याची सोय आधींच करून ठेवावी.